काल फिरवला

मशीन पेटलं होतं आणि चालतही होतं. भातकापणीचं मोठं मशीन, चाकांऐवजी पट्टे असलेलं, ओल्या शेतात घालायचं. त्याचं इंजिन वर, ड्रायव्हरच्या केबिनच्या पाठीमागे असतं. तिथून ज्वाळा येत होत्या. केबिनचं दार अडकलं होतं. माझ्या नवऱ्याने ते उपटून ड्रायव्हर माणिक्कमला बाहेर ढकललं. तो कापणीच्या तोंडाच्या कोपऱ्याशी चिखलात पडला आणि त्याचा पाय मोडला. मशीन त्याच्याच अंगावर सरकत होतं. पुढची पाती फिरत होती. आत कोणी नव्हतं, पण चालवायचा दांडा पुढे ढकललेला तसाच राहिला होता.

नवरा पुन्हा शिडी चढला. मी माणिक्कमच्या काखेत हात घालून ओढायला लागले. चिखल गुडघ्यापर्यंत.

"अक्का, मला सोडा, तुम्ही जा," तो तमिळमध्ये म्हणाला.

"गप्प पड. अंग सैल सोड."

मशीन थांबलं. आत कोणीतरी दांडा मागे ओढला म्हणूनच ते थांबलं. त्याच वेळी डिझेलची रबरी नळी सुटली, आणि केबिन ज्वाळांत दिसेनाशी झाली.

आता नीट सांगते.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी आमच्यात रीत होती. पण लेखात 'हे' आणि 'ह्यांनी' लिहीत बसले तर वाचणाऱ्याला कोण कुठला कळणार नाही. म्हणून आनंदराव असंच लिहिते. दुसरा माझा दीर, जयाजी. तिसरी मी, काशी. आम्ही तिघं तंजावूरला डिझेल पंपाचं वर्कशॉप चालवत होतो. घर राजवाड्यामागच्या गल्लीत, वर्कशॉप गावाबाहेर रस्त्याला. मी पाचवीपर्यंत शिकले, तेही तमिळ शाळेत. ही मराठी अक्षरं वडिलांनी घरी पाटीवर शिकवली, नाहीतर इथे किती जणांना येतात. माझ्या नातवंडांना मराठी कळतं, पण उत्तर तमिळमध्ये येतं.

डिझेल पंप म्हटलं की लोकांना पेट्रोल पंप आठवतो. तो नव्हे. हा इंजिनाच्या कुशीत बसवलेला असतो आणि प्रत्येक सिलिंडरला ठरलेलं थेंबभर डिझेल ठरलेल्या क्षणी देतो. तो बिघडला की आमच्याकडे यायचा. आनंदराव उघडून दुरुस्त करायचे. मग मी तो बाकावर चढवायची. बाक म्हणजे एक यंत्र. ते पंप फिरवतं आणि पंपाने दिलेलं डिझेल काचेच्या नळ्यांत पडतं. सगळ्या नळ्यांत पातळी सारखी हवी. एकीत कमी, एकीत जास्त असेल तर इंजिन लंगडतं. नळी बघताना डोळा पातळीच्या समोर आणावा लागतो. वरून बघितलं तर खोटं दिसतं. मी स्टुलावर बसून आयुष्य त्या नळ्यांसमोर काढलं. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला पंपाच्या खोलीत घातलं ते मी हुशार म्हणून नव्हे. त्या खोलीत धूळ चालत नाही, आणि विडी न ओढणारं माणूस घरात मी एकटीच होते.

नंतर टर्बो आले. टर्बो म्हणजे काय ते मी बायकांना असं सांगते: चुलीला फुंकणीने वारा घातला की लाकूड चांगलं पेटतं. इंजिनालाही तसा वारा हवा. टर्बोची गंमत ही की फुंकणारं तोंड धुराड्यातच बसवलंय. बाहेर पडणारा धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. फुकटची फुंकणी. हवा जास्त आली की डिझेल जास्त जाळता येतं, आणि तेवढ्याच इंजिनातून दीडपट ओढ निघते.

इथेच सगळे तंटे सुरू होतात. पंपावर एक स्क्रू असतो, जास्तीत जास्त डिझेल किती जाईल ते ठरवणारा. तो आत घेतला की ओढ वाढते. पण हवा पुरली नाही तर जास्तीचं डिझेल काळा धूर होऊन जातं आणि मायलेज पडतं. तो बाहेर काढला की मायलेज मिळतं, पण चढावर गाडी रडते. टर्बोचंही तेच. लहान टर्बो लवकर जागा होतो आणि लवकर दमतो. मोठा उशिरा जागा होतो, पण मग दमत नाही. लोक मोडीतल्या ट्रकचा मोठा टर्बो आणून लहान गाडीला लावायला सांगत. आनंदराव म्हणायचे, "लावतो. पण गाडी निघेपर्यंत तुम्ही चहा पिऊन या."

मालकाला मायलेज हवं असतं. ड्रायव्हरला ओढ हवी असते. दोघेही आमचेच. एका खाजगी बसचे मालक होते, पट्टुकोट्टै रस्त्याला गाडी होती त्यांची. ते सकाळी यायचे, खुर्ची पुसून बसायचे.

"काशीअम्मा, डिझेल प्यायला लागलीय गाडी. जरा तोंड आवळा तिचं."

आम्ही आवळायचो. संध्याकाळी शेवटची फेरी आटपून त्यांचाच ड्रायव्हर यायचा, नाव राजेंद्रन.

"अक्का, काय केलंत हो. मागची गाडी पुढे निघून जाते. माझे प्रवासी ती उचलते. मी काय रिकाम्या बाकांना देवळं दाखवत फिरू?"

"मालकाने सांगितलंय."

"मालक गाडी चालवतात का?"

जयाजी हळूच स्क्रू आत घ्यायचा. पुढच्या आठवड्यात मालक पुन्हा हजर. असं पुष्कळ दिवस चाललं. एकदा दोघे एकाच वेळी आले. मला वाटलं, आता आमची फजिती. मालक राजेंद्रनकडे बघून म्हणाले, "तू इथे कशाला?" राजेंद्रन म्हणाला, "गाडीचं तोंड आवळायला आलोय, मुदलाळी." मुदलाळी म्हणजे मालक. आनंदराव आतल्या खोलीत जाऊन हसले. मी हसले नाही. कोणा एकाला खरं सांगायला हवं होतं, की दोन्ही एकदम मिळत नाहीत. आम्ही दोघांना 'हो' म्हणत राहिलो. त्या 'हो'मुळे दुकान चाललं.

तिरुवैयारुचे एक गाणं शिकवणारे होते. त्यांची टर्बोची जीप होती. ते तक्रार घेऊन आले की हिची शिट्टी उतरली आहे. पहिल्यासारखी वर जात नाही, अर्ध्या सुराने खाली राहते. जयाजीने तोंडावर हात धरला. "सर, शिट्टी टर्बोची असते. ती गात नाही." ते म्हणाले, "मला माहीत आहे ती गात नाही. म्हणून तर रोज एकाच जागी यायला हवी." जयाजीने टर्बो उघडला. दांड्याचा आधार झिजला होता, चाक कडेला घासायला लागलं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर चाकाचे तुकडे इंजिनात गेले असते. ते म्हणाले, "मी काही इंजिनाला वाचवायला आलो नव्हतो. मला त्रास होत होता." असं गिऱ्हाईक परत आलं नाही कधी.

आता भाषेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. घरात आम्ही मराठी. वर्कशॉपातही तिघं आपसात मराठीच, गिऱ्हाइकांशी तमिळ. पण मोजमाप मात्र तमिळ. सासरे काम तमिळ मिस्त्रींकडून शिकले, म्हणून पान्याचं आणि स्क्रूचं बोलणं तमिळमध्येच राहिलं. पूर्ण फेऱ्याचा चौथा भाग म्हणजे काल. अर्धा म्हणजे अरै. पाऊण म्हणजे मुक्काल. "काल आत घे", "अरै बाहेर काढ", असं आम्ही दिवसभर बोलायचो. आणि घरात काल म्हणजे काल. आदला दिवस. भाजी कालची आहे, तो काल आला, असं. दोन्ही शब्द ऐकायला सारखे. पण कधी गोंधळ झाला नाही. जागा बदलली की शब्द बदलायचा. वर्कशॉपच्या दारात चप्पल काढली की काल म्हणजे पाव.

त्या वर्षी सांबा, म्हणजे हिवाळ्यात कापायचं भात, कापणीला आलं आणि पाऊस झाला. भात आडवं पडलं, खाली पाणी. आडवं भात कापायला मशीनला जास्त ओढ लागते, आणि पट्टे चिखलातून काढायला आणखी. आत्तूरकडून सेल्वम नावाचा माणूस आपली मशीनं घेऊन ओरत्तनाडु भागात आला होता. कापणीचे दिवस म्हणजे त्याची वर्षाची कमाई, आणि मशीन दर तासाला गुदमरून बंद पडत होतं. शेतकरी बांधावर उभे. भात पाण्यात राहिलं तर त्याला तिथेच मोड फुटतात. सेल्वम पंप काढून घेऊन आला.

"आनंदण्णा, ओढ द्या. धूर येऊ दे, डिझेल जाऊ दे. मला कापणी उरकायची आहे."

आनंदरावांनी पंप बाकावर घेतला. नळ्या मी बघितल्या. पंपात खोट नव्हती. म्हणजे ओढ हवी तर स्क्रूच आत घ्यायचा. त्यावरचं कंपनीचं सील तोडायचं. आनंदराव जयाजीला म्हणाले, "शेतात मशीन चालवून बघ आणि मग घे. अरै. त्याच्यापुढे नाही." अर्धा फेरा. जयाजी म्हणाला, "बेस." म्हणजे बरं. तो सेल्वमबरोबर गेला, पंप बसवला, मशीन चालवलं आणि अर्धा फेरा आत घेतला. तो परत आला तेव्हा आम्ही आणखी एका पंपात अडकलो होतो. त्याने विचारलं नाही, आम्ही विचारलं नाही. काम झालं असेल तर सांगायचं काय.

दुसऱ्या दिवशी सेल्वमचा फोन आला. बरं आहे, पण पुरत नाही. खोल चिखलात अजून मरतंय. आनंदराव म्हणाले, "मीच जाऊन बघतो. काशी, तू चल. धूर बघ." धुराचा रंग मी बघायची, ते माझं काम. जयाजी त्या दिवशी घरी होता. त्याच्या बायकोच्या माहेरचं कार्य होतं, पंगत होती.

शेतात पोचलो. मशीन चालवून बघितलं. माणिक्कम केबिनमध्ये होता. सडपातळ, दाढी राखलेला, सारखा पान चघळणारा माणूस. म्हणाला, "आता थोडंच कमी आहे अण्णा. एक घास."

आनंदरावांनी पाना हातात घेतला आणि जयाजीला फोन लावला. फोनचा आवाज मोठा केला, कारण इंजिन चालू होतं.

"जयाजी, स्क्रू फिरवला का तू?"

पलीकडे पंगतीचा गलका. कोणीतरी सांबार वाढत होतं, "आणखी घ्या" चाललं होतं.

"काल फिरवला," जयाजी म्हणाला. "काल फिरवलाय, दादा."

"काल ना?"

"हो, काल."

"बरं. जेव तू."

मीही ऐकलं. आनंदरावांनी ऐकलं ते पान्याच्या कानाने, मीही तसंच. काल म्हणजे पाव. अर्धा सांगितला होता, जयाजीने भीत भीत पावच घेतला, असा आमचा अर्थ. म्हणजे पाव अजून शिल्लक. आणि जयाजी ताटावर होता, घरच्या माणसांत, घरच्या भाषेत. त्याने सांगितलं ते खरं सांगितलं. आदल्या दिवशी फिरवला. अर्धा.

आनंदरावांनी उरलेला पाव आत घेतला. एकूण पाऊण झाला. मुक्काल.

मशीनने ओढायला सुरुवात केली. अशी ओढ मी कधी बघितली नव्हती. आडवं भात कागदासारखं आत जात होतं. बांधावरचे लोक हसायला लागले. सेल्वम म्हणाला, "अक्का, हे तुम्ही आधीच का नाही केलं?"

धूर काळा होता. दाट नाही, पण काळा. मी आनंदरावांना म्हटलं, "काळा आहे."

"किती?"

"अर्ध्याला असतो त्याहून जास्त."

ते थोडा वेळ बघत राहिले. "ओली जमीन आहे. भार जास्त आहे. एवढा येणार." आणि मला ते पटलं. डिझेल वाया चाललंय एवढंच त्या धुराचं म्हणणं आहे असं मला वाटलं. सेल्वमने आधीच सांगितलं होतं, जाऊ दे.

आम्ही जेवणानंतर निघणार होतो. बांधावर बसून डबा खाल्ला. मशीन शेताच्या पलीकडच्या टोकाला जाऊन येत होतं. एकदा ते वळताना मला इंजिनाशी काहीतरी लाल दिसलं. मला वाटलं दिवा आहे. उन्हात दिवा कोण लावतो. मी आनंदरावांना हाताने दाखवलं. ते उभे राहिले, हातातला घास टाकला आणि धावले. मी तोवर त्यांना धावताना पुष्कळ वर्षांत बघितलं नव्हतं.

तो टर्बो होता. त्याचं धुराकडचं अंग तापून लाल झालं होतं. कापणीत भाताचा भुसा सगळीकडे उडतो, इंजिनावर बसतो. रोज झाडून काढायचा असतो. कापणीच्या घाईत कोणी काढला नव्हता. तो पेटला. पुढचं मी आधीच लिहिलं आहे.

आनंदरावांना लोकांनी केबिनमधून काढलं. बांधावर आणलं तेव्हा ते बोलत होते. सेल्वमच्या गाडीतून तंजावूरच्या इस्पितळात नेलं. माणिक्कमला दुसऱ्या गाडीतून. मी आनंदरावांबरोबर बसले. वाटेत ते एकदाच बोलले. "माणिक्कम?"

"पाय मोडलाय. जिवंत आहे."

इस्पितळात जयाजी आला तो पंगतीच्या कपड्यांत, वेष्टीला, आमच्याकडच्या धोतराला, जरीचा काठ. डॉक्टरांनी एकेकालाच आत सोडलं. पण जयाजी आणि मी दोघे गेलो, नर्सने काही म्हटलं नाही. त्यावरून मला कळायचं ते कळलं. आनंदरावांचा चेहरा झाकलेला होता, डोळे उघडे होते. ते जयाजीकडे बघून वर्कशॉपच्या भाषेत म्हणाले, "काल की अरै?"

जयाजीला प्रश्नच कळला नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं. मी बघत होते, त्याच्या लक्षात आलं ते. त्याचं तोंड उघडं राहिलं.

"अरै, दादा," तो म्हणाला. "अरै फिरवला. नेत्तु." नेत्तु म्हणजे तमिळमध्ये काल. आदला दिवस.

आनंदराव मग म्हणाले, "बेस. बरोबर फिरवलास." आणि डोळे मिटले. जयाजी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मी त्याच्या जवळ गेले नाही. माझ्याकडे त्या वेळी त्याला द्यायला काही नव्हतं.

ते इस्पितळात होते तेव्हा इंजिन बनवणाऱ्या कंपनीचा एक माणूस आला. जळालेलं मशीन बघून आला होता. वयाने पन्नाशीचा, साधा, हातात हेल्मेट. वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसला. मला वाटलं, सील का तोडलं म्हणून ओरडेल. ओरडला नाही. स्क्रू किती आत होता ते त्याने मोजलं होतं.

"मुक्काल," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"अम्मा, धूर कसा होता?"

"काळा. मी सांगितलं होतं."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, आम्ही इंजिन आखतो तेव्हा टेबलावर तिघे बसलेले असतात. एक म्हणतो ताकद द्या. दुसरा म्हणतो मायलेज द्या. तिसरा गप्प बसतो, त्याचं नाव उष्णता. पहिल्या दोघांची भांडणं सोडवण्यातच वर्षं जातात. पण तो स्क्रू कुठे थांबवायचा ते तिसरा ठरवतो. टर्बोचं लोखंड किती ताप सोसेल, पिस्टन किती सोसेल, त्याच्या आत थोडी जागा सोडून आम्ही सील लावतो. ज्याला तुम्ही लोक कंपनीची कंजूषी म्हणता, ती जागा म्हणजे त्याचं आसन.

"मग ते सीलवर लिहायचं की," मी म्हटलं.

"पुस्तकात लिहिलंय."

"इंग्रजीत."

"हो," तो म्हणाला. "ती आमची चूक आहे. पण तमिळमध्ये असतं तर वाचलं असतं का, अम्मा?"

ते पुस्तक आमच्या फळीवर होतं. त्यावर आम्ही नट वाळत घालायचो. नव्या इंजिनांत स्क्रूच नाही, डिझेल संगणक मोजतो, असं तो म्हणाला. मी म्हटलं, बरं आहे. आता बघते तर पोरं लॅपटॉप जोडून तोच स्क्रू आतून फिरवतात. ओढ हवी, ओढ हवी. तिसऱ्याला विचारणारा तेव्हाही कोणी नव्हता आणि आताही नाही. आमच्या दुकानात मायलेज आणि ओढ ह्या दोन शब्दांसाठी तमिळ होतं, मराठी होतं, शिव्याही होत्या. उष्णतेसाठी कुठल्याच भाषेत शब्द वापरला नाही. तापलं तर हात लावून बघायचो.

लोकांनी कारण शोधलं. कोणी म्हणालं भुसा झाडला असता तर. कोणी म्हणालं केबिनचं दार तारेने बांधलं होतं, ते सेल्वमचं पाप. माझ्या जावेने म्हटलं, फोन पंगतीत घ्यायलाच नको होता. आमच्या गल्लीतले एक म्हातारे म्हणाले, मराठी बोलायचं तर पूर्ण बोलावं, तमिळ तर पूर्ण, ही खिचडी नडली. त्यांना मी विचारलं, "तुम्ही पूर्ण कुठली बोलता?" आमची खिचडीच आमची भाषा आहे. तिच्यात जगलो, तिच्यातच पंप दुरुस्त केले. पण खरं हेही आहे की त्या दिवशी एक शब्द दोन घरांचा होता आणि आम्ही तिघं एका घरात नव्हतो.

जयाजी वर्कशॉप चालवतो. मी जाते, पण बाकासमोर बसत नाही, डोळा गेला. त्या दिवसानंतर तो मराठी बोललेला नाही. माझ्याशी नाही, बायकोशी नाही. पोरांशी तर नाहीच. पहिले काही महिने मी मराठीत बोलायची, तो तमिळमध्ये उत्तर द्यायचा. मग मी एक दिवस चिडून म्हटलं, "भावजी, मी तमिळ बाई आहे का?" तो म्हणाला, "मन्नी, एन्नाल मुडियाद." वहिनी, मला जमत नाही. आधी तो मला वैनी म्हणायचा. त्यानंतर मी सोडून दिलं. घरात मराठी बोलणारी मी उरले, आणि कुठलीही भाषा एकटीला बोलता येत नाही. नातवंडांना मराठी बोलता येत नाही म्हणून गल्लीतले लोक मला नावं ठेवतात. ठेवू देत.

मला विचारतात, पश्चात्ताप कशाचा आहे. काळा धूर दिसला तेव्हा हट्टाने मशीन थांबवलं नाही, ह्याचा आहे. त्याहून जास्त, इतकी वर्षं हो-हो म्हणत ओढ देत राहिलो, ह्याचा आहे. मालकाला एक आणि ड्रायव्हरला दुसरं. सगळ्यांना आम्ही जे हवं ते दिलं. कोणालाही 'नाही' शिकवलं नाही, त्यामुळे स्वतःही शिकलो नाही.

सेल्वम अजून कापणीला येतो. माणिक्कमही येतो. पायात सळई आहे, चालताना जरा ओढतो, पण मशीन चालवतो. पोंगलला त्याची बायको घरी येऊन जाते, ऊस ठेवते.

त्या मशीनजवळ आम्ही तिघं होतो. आनंदराव इस्पितळातच गेले. माणिक्कम वाचला, आणि मी वाचले.